टॉर्क पाना घ्यावा का?

बांधीतली चिखलणी झाली, डांबरी रस्त्याने जायचं म्हणून लोखंडी चाकं काढून टायर चढवले. पान्याला पाइप घालून नट आवळले, तर स्टडच तुटला. ऐन रोवणीत दीड दिवस ट्रॅक्टर उभा!

माझं मत सांगतो भाऊ. नांगर-वखराच्या बोल्टला हाताचा अंदाज पुरे. चाकाचे नट अन् इंजिनच्या हेडचे बोल्ट मात्र टॉर्क पान्यानेच आवळा. १ मीटर दांड्यावर २० किलोचा जोर म्हणजे सुमारे १९६ न्यूटन-मीटर. दांडा दुप्पट लांब, तर ताणही दुप्पट. हाताला ते कळत नाही. किती आवळायचं तो आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. आटे साफ ठेवा. पुस्तकात सांगितलं नसेल तर ग्रीस नको, त्याच आकड्यावर बोल्ट जास्त ताणला जातो.

घरोघरी नको, गटात एक पाना पुरे.