पाचारण झालेली बाई
पाळकपदासाठी देवाने आपल्याला पाचारण केले आहे, असे एखाद्या बाईला वाटले, तर तिने ते कुणाकुणाला पटवून द्यायचे? हाँगकाँगमध्ये १९०७ साली जन्मलेल्या फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांनी १९३१ साली एका दीक्षाविधीत, चर्चच्या सेवेला वाहून घेणारी चिनी स्त्री कुणी आहे का, हे आवाहन ऐकले आणि तेच मनावर घेतले. धर्मशिक्षण घेऊन त्या मकावमध्ये निर्वासितांची सेवा करू लागल्या. जपानी फौजांमुळे तिथे प्रभुभोजन द्यायला पाळकच पोहोचेना, तेव्हा बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी त्यांना दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतल्या त्या पहिल्या स्त्री पाळक. युद्ध संपताच या दीक्षेवरून वादंग माजले. बिशपांची अडचण होऊ नये म्हणून फ्लॉरेन्सबाईंनी पाळकीचा परवाना परत केला, दीक्षा मात्र सोडली नाही. पुढे चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना स्वतःचे पाळकीय झगे कात्रीने कापायला लावले गेले. इंग्लंडच्या चर्चमध्ये पहिल्या स्त्रियांना पाळकदीक्षा मिळाली ती १९९४ साली, फ्लॉरेन्सबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी. आजही ज्या मंडळ्या असे पाचारण झालेल्या मुलींना नुसते ‘थांबा’ म्हणतात, त्यांनी निदान या मुलींचे म्हणणे तरी नीट ऐकून घ्यावे.