लाल नोटीस, पण सुरुवात ठाण्यातच

बायको टाकून परदेशी गेलेला नवरा आता हाती लागत नाही, असं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही म्हणतात. मला हे पटत नाही. कुलाब्याच्या अँकरेज आश्रमात मुलांवर अत्याचार करणारा ॲलन वॉटर्स इंटरपोलच्या नोटिशीमुळे २००३ साली न्यूयॉर्कला पकडला गेला, २००४ मध्ये भारतात आणला गेला. हायकोर्टाने सोडलं, तरी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

मात्र नोटीस म्हणजे आपोआप अटक नव्हे. आधी इथल्या कोर्टाचं वॉरंट, मग सीबीआयमार्फत इंटरपोल. प्रत्यार्पणासाठी तो दोन्ही देशांत गुन्हा ठरावा लागतो; म्हणून हुंड्यासोबत मारहाण झाली असेल, तर तीही फिर्यादीत यायलाच हवी. वॉरंट निघाल्यावर पासपोर्टही जप्त करता येतो. तेव्हा मैत्रिणींनो, आधी आपलं ठाणं हलवू या!