चौकातील देवी आणि जिन्यातील नक्षी

सांताक्रूझच्या इमारतींत शिरताना जिन्यालगतच्या भिंतीवर हल्ली हमखास वारली नक्षी आढळते. गेरूच्या रंगावर पांढरी माणसे तारप्याभोवती फेर धरतात. चित्र सुबक असते. त्यात देवी मात्र नसते. (आमच्या घरच्या पडद्यांचीही तीच कथा आहे, हे कबूल केलेच पाहिजे.)

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक रेखतात. चौकात पालघट देवी विराजमान होते. तो चौक काढल्यावाचून लग्न लागत नाही. अर्थात, ही शोभेची वस्तू नव्हे, संस्कार आहे.

मग परंपरा गोठवून ठेवावी काय? गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण पाहावे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने ही चित्रे कागदावर आली. मशे यांनी दोन रूढी मोडल्या : पुरुष असून चित्रे काढली आणि लग्नाचे निमित्तही मानले नाही. तरीही त्यांच्या रेषेतून मासेमारीचे जाळे, भातशेती, तारपा कधी सुटले नाहीत. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. नवतेला त्यांचा विरोध नव्हता आणि मुळांचा त्यांना विसरही पडला नाही. ज्या सुवासिनींनी ही कला शतकानुशतके सांभाळली, त्यांची नावे मात्र आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाहीत. ही खंत लहान नाही.

दूरच्या युक्रेनमध्येही पेत्रिकिव्का गावच्या स्त्रिया घराच्या भिंतींवर फुले-पाखरे रंगवीत. २०१३ साली युनेस्कोने त्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. युक्रेनच्याच मारिया प्रिमाचेंको या खेड्यातील चित्रकर्तीने लोककलेतून स्वतःची अद्भुत प्राणिसृष्टी उभी केली. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियन आक्रमणात इवान्किवचे संग्रहालय जळाले, तेव्हा ग्रामस्थांनी तिची चित्रे आगीतून बाहेर काढली. त्या चित्रांत आपले राष्ट्र आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आपल्याला तर आगीतही शिरायचे नाही. डहाणू रोड आपल्याच पश्चिम रेल्वेवर आहे. सोसायटीची भिंत पुन्हा रंगवायची वेळ येईल, तेव्हा कंत्राटदाराच्या साच्याऐवजी त्या पाड्यांवरील एखाद्या चित्रकर्तीला सन्मानाने बोलवावे, योग्य मोबदला द्यावा आणि ती काम करीत असताना मुलांना शेजारी बसवून चौकातली देवी कोण, हे तिच्याच तोंडून ऐकू द्यावे.