विकले कोण गेले?

एकदा विकले की मूळ धन्याचा हक्क संपला, असे आपण धरून चालतो. मराठी बायबलात ‘विकणे’ हा शब्द भेटला की तोच अर्थ त्याच्यावर लादतो. मूळ हिब्रूतील ‘माकर’ हे क्रियापद मात्र इतके कोते नाही.

शास्ते या पुस्तकात परमेश्वर इस्राएलला शत्रूंच्या हाती ‘विकतो’. तेथे मोबदल्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्याच्या सत्तेखाली जाणे, हा तेथील अर्थ. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात जमीन कायमची विकण्यास मनाई आहे, कारण ती परमेश्वराची आहे. योबेल वर्षापर्यंत जितकी पिके निघतील तितक्यांचीच किंमत घ्यावयाची. आपल्या भाषेत, जमीन खंडाने दिली, विकली नाही.

आता नाबोथाचा मळा आठवा. अहाब पैसे देऊ करतो, पण ‘मला दे’ म्हणतो. ‘माकर’ हा शब्द तेथे नाही. तो येतो पुढे, एलियाच्या मुखी, आणि लागतो अहाबालाच: तू स्वतःला दुष्कृत्यासाठी विकले आहेस! मळा घेणाराच विकला गेला. आपली प्रवचने मात्र अहाबाचा लोभ आणि ईजबेलचे कपट येथवर येऊन थांबतात.

का थांबतात? पुढचे पाऊल खानदेशाच्या काळ्या मातीत पडते म्हणून. १९७१-७२ साली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील (१९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यातील) शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उभे राहिले, ते कर्जापायी आणि फसवणुकीने गेलेल्या जमिनींसाठी. ‘खरेदीखत आहे, पैसे दिले आहेत, मग अन्याय कसला?’ हा युक्तिवाद तेव्हा होता, जळगाव-धुळ्याच्या ओट्यांवर आजही ऐकू येतो. १९७४च्या राज्य कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासी जमिनी परत देण्याची तरतूद केली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. खरेदीखत हा अखेरचा शब्द नव्हे, हे सरकारी कायद्याला उमगले. लेवीय पुस्तक वाचणाऱ्यांना ते उमगू नये?

धर्मग्रंथाचा सातबाऱ्याशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी नाबोथाचा अध्याय पुन्हा वाचावा. तो सातबाऱ्याचाच अध्याय आहे. ज्या घरात अशी जमीन आली असेल, त्या घराने ‘किती दिले?’ हा हिशेब मिटवून ‘विकले कोण गेले?’ हा हिशेब मांडावा.