घडीचे मेज की पक्की द्रोणी?

श्रावणातल्या एका दुपारी सामरवरणीच्या आमच्या वहिनींचा निरोप आला, "आज संध्याकाळी याच. घरात मोठा पेच पडला आहे, आणि तुमच्यावाचून तो सुटायचा नाही." सिल्वासा ते सामरवरणी हे अंतर ते काय! पण त्या दिवशी पावसाने असा जोर धरला होता की रिक्षातून उतरेपर्यंत माझ्या पदराचे पोतेरे झाले. घरात शिरले तो चहाच्या कपांऐवजी मेजावर रंगीत माहितीपत्रके मांडलेली. वहिनी एका कोपऱ्यात, त्यांचा मुलगा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि सूनबाई मधोमध हातात फूटपट्टी घेऊन उभी!

पेच असा होता. सूनबाईने लग्नाआधी एका वैद्यांच्या हाताखाली पंचकर्माची परिचारिका म्हणून दोन वर्षे काम केलेले. हात चांगला, माझ्या गुडघ्यांना त्याची साक्ष आहे. मुलगा इथल्याच एका सुताच्या कारखान्यात नोकरीस होता. तिथला एक विभाग बंद झाला, आणि नोकरी राहिली तरी जादा पाळीचे पैसे गेले. तेव्हा सुनेने स्वतःचे अभ्यंग-केंद्र काढावे असे ठरले. घरात शिल्लक होती नव्वद हजारांची, आणि त्यांतले निम्मे वहिनींच्या पाटल्या मोडून आलेले. आता उपचाराचे मेज घ्यायचे ते कोणते? सून म्हणे, घडी घालून खांद्याला अडकवून नेता येईल असे. वहिनी म्हणत, जड लाकडाची पक्की द्रोणी घ्यावी, खोली भाड्याने घ्यावी आणि सुनेने एका जागी बसावे. तेलाची पिशवी घेऊन दारोदार हिंडणे चांगल्या घरच्या मुलीला शोभत नाही. मुलाला हवे होते बटण दाबताच वर-खाली होणारे विजेचे मेज. ते त्याने मुंबईच्या एका हॉटेलात पाहिले होते. त्याची किंमत लाखाच्या वर असल्यामुळे त्याचे मत आम्ही तिघींनी प्रथमच बाद केले. (विजेचे म्हणणे आले की आमच्याकडचा पावसाळा आठवतो. मेज वर गेले आणि वीज गेली, तर वर निजलेल्या बाईला उतरवायला शिडी आणायची काय?)

थट्टा बाजूला ठेवू. प्रश्न नवा नाही, हे मात्र मला वाटेतच आठवले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदाव्या अध्यायात स्वेदाचे, म्हणजे शेकाचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत काही निव्वळ स्थावर आहेत. अश्मघन स्वेदात माणसाच्या लांबीची शिळा लाकडे पेटवून तापवायची, निखारे काढून तीवर गरम पाणी शिंपडायचे, लोकरीचे किंवा रेशमी वस्त्र अंथरायचे आणि रोग्याला त्यावर निजवायचे. शिळा काही कोणी खांद्यावर घेऊन हिंडत नाही; रोग्यानेच तिच्याकडे जायचे. उलट कर्षू स्वेदात खाट हलकी आणि खड्डा पक्का. जमिनीत खड्डा खणून त्यात बिनधुराचे निखारे भरायचे आणि वर खाट ठेवायची. हे वाचताना मला नेहमी आमच्या आजीची बाळंतिणीची खोली आठवते. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा, आणि अंगावर तेल चोळून घेऊन वर पडलेली बाळंतीण! आजीने चरकाचे नावही ऐकले नसेल. तेल लावणारी बाई मात्र घरी येत असे. तिच्याजवळ ना मेज होते, ना द्रोणी. बाळंतिणीसाठी घरचा पाट आणि तान्ह्यासाठी तिचे स्वतःचे लांब पसरलेले पाय, एवढेच तिचे सामान. फिरत्या उपचाराला आमच्या घरांत कोणी कधी कमी लेखले नव्हते, हे मी वहिनींना मुद्दाम सांगितले. त्या ऐकत होत्या, पण चेहरा हलला नाही.

केरळात जी द्रोणी वापरतात ती एका अखंड ओंडक्यातून कोरलेली असते. कडेला उंच काठ, तळाला उतार, आणि ओघळलेले तेल जमा होण्यासाठी खाचा. अंगावर तेलाची धार धरायची असेल, पिझिच्चिल करायचे असेल, तर तिच्यावाचून चालत नाही. काठ नसलेल्या मेजावर शेर-दीड शेर तेल ओतले तर ते खोलीभर होईल. तेव्हा पहिला सवाल असा की सूनबाई करणार काय? धाराचिकित्सा आणि पंचकर्म हे वैद्याच्या देखरेखीखालचे उपचार. स्वतःच्या नावावर तिने करायचे ते साधे अभ्यंग, पायांचे मर्दन, बाळ-बाळंतिणीचे तेल-न्हाणे. त्याला काठाची द्रोणी लागत नाही, सपाट गादीचे मेज पुरते. वहिनींचा निम्मा आग्रह इथेच गळाला, कारण लाकडी द्रोणीचा मिळालेला भाव पंचावन्न हजार होता, वाहतूक निराळी.

मेजच नको, जमिनीवर गादी घालू, असेही मुलगा मध्येच म्हणाला. थायलंडात तसेच चालते हे खरे आहे. तिथल्या पारंपरिक मालिशीला २०१९ साली युनेस्कोने आपल्या वारशाच्या यादीत घेतले. परंतु ते मालीश कपडे घालून, तेलाविना, हात-पाय ताणून केलेले असते, आणि करणारा आपल्या देहाचा भार गुडघ्यांवरून आणि पायांवरून देतो. आपले तेलाचे अभ्यंग तासभर ओणवे राहून केले तर दोन वर्षांत करणारीलाच मालीशवाली शोधावी लागेल. म्हणून उंचीचा नियम पाठ असावा. मेजाशेजारी सरळ उभे राहून हात खाली सोडावा, मूठ मिटावी, बोटांची पेरे मेजाच्या पृष्ठभागाला टेकली पाहिजेत. सूनबाई बुटकी आहे. तिच्या मुठीपर्यंतची उंची आम्ही पट्टीने मोजली तर सव्वीस इंच भरली. दुकानातल्या पक्क्या मेजाची उंची एकोणतीस इंच, आणि तीही कमी-जास्त न होणारी! तीन इंचांनी काय होते, असे पुरुषमंडळी विचारतात. पोळपाट तीन इंच उंचावून एकदा शंभर पोळ्या लाटून पाहाव्यात.

घडीच्या मेजाचे पाय खटक्याने किंवा मळसूत्राने लांब-आखूड करता येतात, हा त्याचा मोठा गुण. मधोमध बिजागऱ्या, खाली तारांचे ताण, मिटले की चपट्या पेटीसारखे. वजन बारापासून अठरा किलोपर्यंत. अॅल्युमिनियमचे हलके, बीच लाकडाचे थोडे जड पण कमी डुगडुगणारे. माहितीपत्रकावर भार पेलण्याचा मोठा आकडा छापलेला असतो. तो नुसता निपचित ठेवलेल्या वजनाचा आहे की काम चालू असतानाचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दोहोंत फार अंतर असते. शिवाय मेजावरची बाई नुसतीच निजलेली नसते. चढताना ती एका टोकावर बसते आणि सगळा भार दोन पायांवर येतो. बिजागरीच्या दोन्ही बाजूंना तारा सारख्या ताणल्या आहेत ना, पायांचे खटके चारही बसले आहेत ना, हे दर वेळी, न चुकता पाहायचे. गेल्या वर्षी एका नातलगाकडे असे एक मेज मी पाहिले. एक खटका अर्धवट बसलेला होता. सुदैवाने त्या वेळी वर तेलाची बाटलीच होती, तीच गेली.

रेक्झिनचेही सांगते. स्वस्त रेक्झिनला तेल लागत राहिले की ते कडक होऊन तडकते, भेगांतून तेल आतल्या फोममध्ये मुरते, आणि आमच्या दमट हवेत त्याला जो वास येतो तो कापूर जाळूनही जात नाही. गादीवर धुवायची चादर तर हवीच, तिच्याखाली मेणकापडही हवे, आणि रोज रात्री साबणाच्या कोमट पाण्याने पुसून मेज उघडे वाळवावे. ओले मिटून ठेवलेले मेज पावसाळ्यात आठ दिवसांत बुरशीते.

मग आम्ही हिशेबाला बसलो. तो मी इथे मुद्दाम पुरा देते, कारण अनेक घरांत हाच प्रश्न शिलाईयंत्राच्या, पाळणाघराच्या किंवा केशकर्तनाच्या रूपाने येतो. खोलीचे भाडे सात हजार, वीज-पाणी एक हजार, म्हणजे महिन्याला आठ हजारांचा खड्डा. तेल आणि धुलाई वजा जाता एका गिऱ्हाइकामागे चारशे रुपये उरतात असे धरले. म्हणजे पहिली वीस गिऱ्हाइके घरमालकाची. घरोघर जायचे तर दर शंभराने अधिक घेता येतो, पण ते शंभर रिक्षात जातात. उरतात पुन्हा चारशेच. मात्र भाड्याचा खड्डा नाही. येणे-जाणे, मेज उघडणे-मिटणे धरता दिवसाला तीन घरांपेक्षा अधिक होत नाहीत. पंचवीस दिवसांची पंचाहत्तर घरे, तीस हजार रुपये. एवढेच पैसे खोलीत मिळवायचे तर महिन्याला पंचाण्णव बायका सामरवरणीच्या त्या खोलीपर्यंत चालत आल्या पाहिजेत. दिवसाला जवळजवळ चार. आल्या तर खोलीच बरी, कारण तिथे पाचही होतात, मग महिना बेचाळीस हजारांवर जातो. पण दिवसाला दोनच आल्या तर? खोलीत हाती बारा हजार, फिरतीवर वीस.

येतील का चार? सामरवरणी हे कारखान्यांच्या कडेला वाढलेले गाव. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या चाळी, गुजराती दुकाने, वारली आणि कोकणा पाडे, आणि मधूनमधून आपली मराठी घरे. ज्या बायकांना तेलाची खरी गरज आहे, म्हणजे बाळंतिणी, संधिवाताच्या सासवा, अंथरुणाला खिळलेल्या आज्या, त्या घराबाहेर पडू शकत नाहीत. ज्या बाहेर पडू शकतात, त्यांना तासभर आडवे होण्याची फुरसत नाही. खानवेल-दुधनीकडच्या विश्रामगृहांत पर्यटक येतात खरे, पण तिथे गिऱ्हाईक मोसमी, आणि एकट्या मुलीने अनोळखी खोलीत जावे हे मलाही पटत नाही. या ठिकाणी मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूची आहे. 'स्पा' या शब्दाला काही लोकांनी असा वास आणून ठेवला आहे की पाटीवर तो लिहूच नये असे मी सुचवले. फक्त स्त्रिया आणि लहान मुले, ओळखीच्या घरून आलेला निरोप असला तरच, आणि पहिल्या भेटीला सोबत कोणीतरी, हे तीन नियम तिथल्या तिथे कागदावर लिहिले.

"सोबत कोण जाणार?" मुलाने विचारले. त्याची पाळी, माझे गुडघे.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनी म्हणाल्या, "मी जाईन. मला काय काम असते दुपारी!" आणि जरा थांबून, "पण पिशवी मी धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी घडीचे एक मेज वापरून पाहायला आणले. दुकानदाराने दोन दिवसांसाठी दिले होते. प्रयोगाला निजले मी. चढताना ते कुरकुरले आणि माझ्या पोटात गोळा आला. पण एकदा पाठ टेकल्यावर हलले नाही. अडचण उतरताना कळली. सव्वीस इंचांवरून माझ्यासारखीचे पाय जमिनीला पोचतात ते बोटांवर, आणि तळव्यांना तेल! पाटावर पाय ठेवला तर पाट घसरला. सूनबाईने बगलेत हात घातला म्हणून मी आज हे लिहिते आहे. तेव्हा खाली रबर लावलेली रुंद पायरी आणि उतरण्यापूर्वी तळवे कोरड्या पंचाने पुसणे, हे चौथ्या नियमात बसले. ज्या आजीबाईंना पायरीही चढवत नाही, त्यांना त्यांच्याच पलंगावर तेल लावायचे, आणि सुनेने ओणवे न होता कडेला स्टुलावर बसून लावायचे, असे ठरले. तिथे मेज नेण्याचा हट्ट नको.

मेज सोळा हजारांना घेतले. तेल, चादरी, मेणकापड, पायरी धरून खर्च तेवीस हजारांवर गेला. उरलेल्या पैशांतून पाटल्यांचे पैसे वेगळे काढून बँकेत ठेवावेत असा मी आग्रह धरला, आणि तो सुनेनेच प्रथम उचलून धरला.

भाद्रपदात तीन घरे लागली, त्यांतली दोन बाळंतिणींची. नवरात्रापर्यंत अकरा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी उद्वाहक नाही. पंधरा किलो खांद्यावर घेऊन चढताना सुनेचे खांदे भरून येतात. मुलाची दिवसपाळी नसेल तेव्हा तोच मेज वर पोचवून खाली स्कूटरवर बसून राहतो. वहिनी प्रत्येक नव्या घरी जातात, बाळंतिणीच्या आईशी गप्पा मारतात, आणि परत येताना पुढच्या घराचा पत्ता घेऊन येतात. पिशवी आता त्यांच्याच हातात असते. त्यावर मी काही बोलले नाही.

पक्क्या मेजाचा विषय मात्र सुटलेला नाही. ज्या बायका म्हणतात, "घरात सासरे असतात, आम्हीच तुमच्याकडे येऊ," अशा चार-पाच झाल्या आहेत. त्यांच्यासाठी मागच्या पडवीला पडदा लावून एक बसके, सव्वीस इंचांचे, सागवानी मेज करून घ्यायचे आहे, म्हणजे भाडे नको. सुताराने फळ्या आणून दिल्या, पण हात फिरवून म्हणाला, "लाकूड अजून ओले आहे, बाई. आत्ता जोडले तर उन्हाळ्यात सांधे उघडतील." तेव्हा फळ्या पडवीत भिंतीशी उभ्या आहेत, मध्ये चिपा घालून. दिवाळीनंतर तो पाहायला येणार आहे.