चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

परवा पुतण्या गाडी घेऊन आला होता. अंगणात गाडी थांबली आणि बोनेटकडून गोडसर वास आला. मी म्हटलं, "अरे, हीटरचे पाइप एकदा बघून घे." तर हसायला लागला. "काका, आपल्याकडे हीटर लागतो कुणाला? आणि मेकॅनिकला विचारलंय मी. तो म्हणाला, चालतंय."

या "चालतंय" शब्दाने माझं डोकं फिरतं. पुतण्या चहा पिऊन गेला, पण माझं भांडण अजून संपलेलं नाही. तो हा ब्लॉग वाचतो, म्हणून इथेच मांडतो. बाकीच्या मंडळींनीही ऐकून घ्यावं, कारण आपण सगळेच त्याच शाळेचे विद्यार्थी आहोत. मीसुद्धा.

गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. आमची छोटी गाडी तेव्हा आठ वर्षांची होती, पण पळाली होती जेमतेम बावीस हजार किलोमीटर. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, पुण्याला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. तिला घेऊन आम्ही साताऱ्याला परत निघालो. मागच्या सीटवर काळा चष्मा लावलेली अक्का आणि आमची ही, पुढे मी आणि मेहुणे. दुपारचे दोन. खंबाटकी घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला. मी मनात स्तोत्र सुरू केलं. थोड्या वेळाने काटा चक्क खाली आला. वाटलं, देव पावला. आणि पुढच्याच वळणावर बोनेटमधून वाफेचा लोट आला.

काटा खाली का आला, हे मला नंतर कळलं. हीटरचा पाइप फाटून पाणी निघून गेलं होतं. उष्णता मोजणारा तो सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं सांगतो. पाणी गेलं की तो कोरडा लोंबकळतो आणि खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणजे इंजिन भाजत होतं आणि मी निर्धास्त गाडी चालवत होतो.

मेहुणे उतरले ते थेट रेडिएटरचं झाकण उघडायला. मी ओरडून त्यांचा हात धरला. त्या झाकणाखाली दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही आतलं पाणी उकळत नाही. झाकण उघडलं की ते उसळून तोंडावर येतं. हात वाचला. अक्का मात्र दोन तास रस्त्याच्या कडेला उन्हात आणि धुळीत बसून होती, शस्त्रक्रियेला दोन दिवस झालेला डोळा मिटून. एका शब्दाने ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हेड गॅसकेट गेलं. हेड वाकलं होतं, ते घासून घ्यावं लागलं. साडेअठरा हजार रुपये लागले. पाइपची जोडी होती सहाशेची.

आता खरं सांगायची गोष्ट. त्याआधी तीन महिने बाटलीतलं कूलंट दर पंधरवड्याला कमी होत होतं. मी नळाचं पाणी घालत होतो. गॅरेजमध्ये विचारलंही होतं. तो म्हणाला, "गुरुजी, गाडी चालतीय ना? मग कशाला उगाच?" मला ते ऐकून बरं वाटलं, कारण सहाशे रुपये वाचले. सगळा दोष त्याच्या माथी मारून मी मोकळा होऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला जे ऐकायचं असतं, तेच त्याने सांगितलं. त्याच महिन्यात मी नवीन सीट कव्हर घातली होती, त्याचे अडीच हजार मात्र आनंदाने दिले. दिसतं त्याला पैसे, राबतं त्याला "चालतंय"!

पुतण्याचा पहिला मुद्दा, आपल्याकडे हीटर लागत नाही. अरे बाबा, तू हीटर लावत नसशील, पण पाइप रोज काम करतात. अंगठ्याएवढे जाड दोन रबरी पाइप इंजिनातून निघून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीकडे जातात. एकातून गरम पाणी जातं, दुसऱ्यातून परत येतं. बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असतानाही ते फिरतच असतं. बटण फक्त हवेची झडप हलवतं. ज्या गाड्यांत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथेही व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप दाबाखालीच असतो.

दुसरा मुद्दा, गाडी फार पळालेली नाही. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. उष्णता आणि हवा त्याला म्हातारं करतात. शिवाय ते बहुधा आतून खराब होतं. टोकांपाशी, क्लिपच्या जवळ, आतल्या बाजूने बारीक भेगा पडतात आणि बाहेरून पाइप काळाभोर, ठणठणीत दिसतो. आम्हा म्हाताऱ्यांच्या गाड्या कमी पळतात, म्हणून आम्हालाच हा धोका कळत नाही.

तिसरा उपाय लोक सांगतात, हीटर बायपास करून टाका. पाइपचा एक तुकडा लावून जाळीचा रस्ताच बंद. हा तर मला अगदी अमान्य. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या धुक्यात काचेवरची वाफ घालवायला गरम हवेसारखं दुसरं काही नाही. शिवाय पाणी शाबूत असून घाटात गाडी तापायला लागली, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावायचा. ती जाळी छोट्या रेडिएटरसारखी उष्णता ओढून घेते. तेवढा आधार आपण हातानेच तोडायचा? पाणीच गेलं असेल तर मात्र हीटर काही करू शकत नाही. तेव्हा इंजिन लगेच बंद, आणि झाकणाला हात नाही.

मग करायचं काय? महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, पाइप चिमटीत दाबून बघायचे. मधे आणि क्लिपपाशी. टोकाला पिचपिचीत, फुगलेलं किंवा लाकडासारखं कडक लागलं, क्लिपभोवती पांढरट-हिरवट डाग दिसले, की बदलायचे. दिसायला चांगले असले तरी चार-पाच वर्षांनी दोन्ही एकदम बदलावेत, क्लिपसकट. त्याच गाडीचे, तयार वळणाचे पाइप घ्या. सरळ पाइप कापून वाकवला की तो मुडपतो. चिकटलेला जुना पाइप पिळून ओढू देऊ नका, जाळीची नळी मोडते. ब्लेडने उभा चिरून काढायला सांगा. पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट भरा, नळाचं पाणी नको, आणि भरताना हीटरचं बटण गरमवर ठेवा म्हणजे आत हवा अडकत नाही. काढलेलं कूलंट गल्लीत ओतू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

चाळीस वर्षांच्या घरात भिंतीला रंग देताना आपण नळाची गळती तशीच ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. फाटायच्या आदल्या दिवशीपर्यंत प्रत्येक पाइप "चालतंय" याच वर्गात असतो. त्यामुळे चालतंय की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. किती वर्षं झाली आणि हाताला कसं लागतं, हे विचारायचं.

असो. पुतण्या रविवारी आईला घेऊन कोल्हापूरला जाणार आहे. शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे जातोय. इंजिन थंड ठेव रे. चहा मात्र गरम लागेल.