मामांच्या ट्रॅक्टरची नाडीपरीक्षा

प्राध्यापकाला जगातले सगळे कळते, अशी आमच्या आजोळची अजूनही समजूत आहे आणि ती मोडण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. विहिरीवर पंप कोणता बसवावा, धाकट्या मावसबहिणीला कोणत्या शाखेत घालावे, सातबाऱ्यावरचे नाव कसे दुरुस्त करून घ्यावे, अशा नाना प्रश्नांवर मी मते दिलेली आहेत. त्यांतली चुकलेली मते मोऱ्याच्या मंडळींनी मोठ्या मनाने पोटात घातली आहेत. तेव्हा गेल्या वैशाखात मामांचा फोन आला, "एकदा येऊन जा रे, ट्रॅक्टरचे काय करायचे ते ठरवू या," तर मला नाही म्हणवेना.

"ज्यांना घरातला मिक्सर उघडता येत नाही, ते ट्रॅक्टर काय तपासणार?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. मी उत्तर न देता पिशवी उचलली.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हापासून शिवडीहून न्हावा-शेव्याला मोटारीने चुटकीसरशी जाता येते. पण मोऱ्याला जायचे तर मला अजून भाऊच्या धक्क्यावरची लाँचच बरी वाटते. भरतीची वेळ पाहून निघालो. घारापुरी मागे पडली, मोऱ्याचा धक्का दिसू लागला आणि धक्क्यावर छत्री घेऊन उभे असलेले मामाही दिसले. वय सत्त्याहत्तर.

मामांची जमीन एके काळी पुष्कळ होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे जमिनी संपादित झाल्या, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. या सगळ्यातून मामांच्या वाट्याला उरली ती खाडीकडची दोन एकर भातजमीन, एकोणीस लहानलहान खाचरांत विभागलेली. आजूबाजूच्या कितीतरी शेतांवर भराव पडून तिथे आता कंटेनर रचलेले दिसतात. या दोन एकरांसाठी मामांनी २००७ साली मामींच्या पाटल्या गहाण ठेवून जपानी आराखड्याचा, अठरा अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असणारा छोटा ट्रॅक्टर घेतला. तो गेल्या आषाढात ऐन चिखलणीत बंद पडला आणि तेव्हापासून गोठ्यात उभा होता.

छोटाच का, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. आपल्याकडे ट्रॅक्टर आला तो मोठ्या शेतांसाठी. १९५९ साली फरीदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ साली महिंद्रांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली आणि आपल्या कांदिवलीतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. पण ही यंत्रे कोकणातल्या खाचरात शिरली की बांध ढासळतो. जपानी शेतकऱ्यांचीही भातखाचरे अशीच हातरुमालाएवढी. तिथे कुबोटा कंपनीने १९६० साली पंधरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला आणि पुढे लहान ट्रॅक्टरांची एक जातच जन्माला आली. आपल्या शेतांचेही तुकडे होत गेले. १९७०-७१ साली देशातली सरासरी जमीनधारणा २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.०८ हेक्टरवर आली. तेव्हा छोटा ट्रॅक्टर हे खेळणे नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरणहून मिस्त्री आला. त्याने आदल्या दिवशीच बजावले होते, "मी येण्याआधी इंजिन चालू करू नका." गरम इंजिन आपले दुखणे लपवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेट घेते. सिलिंडर झिजला की दाब निसटतो आणि थंडपणी इंजिन उठत नाही. म्हणून पहिली परीक्षा सकाळचीच.

मिस्त्रीने इंजिनात तेल मोजायची पट्टी उपसून पाहिली. तेल दुधासारखे पांढरट झालेले असले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. तेल काळे होते, पण पांढरे नव्हते. मग सोबत आणलेली बॅटरी जोडली. दोनतीनदा खोकून इंजिन सुरू झाले आणि मामींनी नकळत हात जोडले. आता धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे वंगण जळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. इथे आधी पांढरा आला आणि इंजिन तापल्यावर विरत गेला. तेल ओतायचे झाकण उघडून मिस्त्रीने त्यावर तळहात धरला. आतून वाफेचे भपके आले नाहीत. "इंजिन ठीक आहे," तो म्हणाला, "इंजेक्टर आणि पंप साफ करून जमवून घ्यायचा."

खरे दुखणे खाली होते. पुढच्या आसाची तेलसीले गळून खारे पाणी आणि चिखल बेअरिंगांत शिरला होता. क्लच जळाला होता. मोटारीला असते तशी वेगळी चौकट ट्रॅक्टरला सहसा नसते. इंजिन आणि गिअरपेटी हाच त्याचा कणा. म्हणून क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. त्यात मजुरी जाते. सगळे मिळून चौसष्ट हजार रुपये, असा अंदाज मिस्त्रीने वहीच्या कागदावर लिहून दिला.

मामेभाऊ बंदरावर नोकरीला आहे, हिशेबाला पक्का. तो म्हणाला, "आहे तसा विकला तर सत्तर हजार देणारा गिऱ्हाईक तयार आहे. म्हणजे दुरुस्तीचा खर्च चौसष्ट नव्हे, एक लाख चौतीस हजार. हातचे सत्तर सोडतो, ते कोण धरणार?" ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती. पुढे तो म्हणाला, "आपल्या दोन एकरांना वर्षाकाठी आठ तासांचे काम. भाड्याचा ट्रॅक्टर तासाला हजार घेतो. आठ हजारांच्या कामासाठी सव्वा लाखाच्या वर गुंतवायचे?"

मी कागदावर गुणाकार-भागाकार केला आणि प्राध्यापकी आवाजात निर्णय दिला : "विकून टाकावा." मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ट्रॅक्टरवर गोणपाट घातले आणि ते विहिरीकडे गेले.

दुपारी मी ओटीवर लवंडलो होतो. मामी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाड्याचा ट्रॅक्टर येतो, पण येतो कधी?"

मी उठून बसलो. मग कळले ते असे. गेल्या वर्षी भाड्याचा ट्रॅक्टर बारा दिवस उशिरा आला, कारण पाऊस पडला की तो सगळ्यांनाच एका वेळी हवा असतो. रोप वाफ्यात म्हातारे झाले. उशिरा लावलेल्या रोपाला फुटवे कमी. शिवाय ते धूड सात खाचरांत उतरलेच नाही. ती तशीच पडून राहिली. "यंदा सात राहिली," मामी म्हणाल्या, "पुढल्या वर्षी सगळी राहतील. पडीक शेताला विचारायला माणसे येतातच. मग भराव. हे मरतील रे त्या दिवशी."

माझा हिशेब चुकलेला नव्हता. प्रश्न चुकला होता. यंत्राची किंमत काय, हे मी विचारले. यंत्रावाचून काय अडते, हे विचारले नाही. आणि हेही विचारले नाही, की त्याला आणखी कुणाचे काम आहे काय? लहान खाचरे काय एकट्या मामांचीच होती?

संध्याकाळी मामेभाऊ आणि मी शेजारच्या सहा घरी जाऊन आलो. दोघांनी शेती सोडलीच होती. चार घरे तयार झाली; त्यांची मिळून सहा एकर. एकराला चार तास धरले तर चोवीस तास, चोवीस हजार रुपये. डिझेल, वंगण आणि चालकाची मजुरी वजा जाता पंधरा हजार उरतील. आपल्या शेताचे भाडे वाचेल, त्यातून डिझेल वजा करून सहा हजार. वर्षाला एकवीस हजार. म्हणजे रोख घातलेले चौसष्ट हजार तीन वर्षांनंतर सुटतील. सोडलेले सत्तर धरले तर साडेसहा वर्षे लागतील. आकडा डोळे दिपवणारा नव्हता, पण वेडेपणाचाही नव्हता. मामेभावाने तो दोनदा तपासला आणि म्हणाला, "आषाढात दहा दिवस रजा टाकतो. चालवायचा मीच." मग चालकाची मजुरी कुणाची, यावरून बापलेकांत थोडे भांडण झाले. ते ऐकून मामी हसल्या.

एक अट मात्र आम्ही आधीच घातली. ट्रॅक्टर खोलल्यावर खर्च पंचाहत्तर हजारांपलीकडे जातो असे दिसले, किंवा गिअरपेटीचे दाते तुटलेले निघाले, तर तिथेच थांबायचे आणि मिळेल त्या भावाने विकायचा. यंत्र उघडे पडले की माणसाचा जीव त्यात अडकतो आणि "एवढे केले, आता आणखी थोडे" असे करत माणूस बुडतो. खोलल्यावर इंजिनामागचे एक सील गळके निघाले. चार हजार वाढले. दाते शाबूत होते.

वाचकहो, तुमच्या घरी ट्रॅक्टर नसेल. पण जुनी शिवणयंत्रे, पंखे, स्कूटर असतीलच. दुखणे मुळाशी आहे की वरवरचे, सुटे भाग मिळतात की नाही, आहे तसे विकून काय येईल, हे प्रश्न जरूर विचारा. एचएमटीने ट्रॅक्टर करायचे थांबवले, पण तिचे ट्रॅक्टर शेतांत अजून दिसतात. तेव्हा कारखाना मिटला म्हणजे यंत्र मेलेच असेही नव्हे. मात्र सगळे विचारून झाल्यावर घरात तांदूळ निवडत बसलेल्या माणसालाही एकदा विचारा.

यंदा पहिल्या पावसाने खार धुऊन नेला, तोवर रोप तयार होते. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे 'पनवेल-३' हे वाण मामांनी लावले. एकोणीसपैकी एकोणीस खाचरे लागली. चार घरांतल्या एकाचे पैसे अजून यायचे आहेत, असे मामेभाऊ कळवतो. पुढच्या वर्षी मागचे टायर बदलावे लागतील, असेही कळवतो. त्याचा कागद मी अजून हाती घेतलेला नाही.

परवा लाँचने एक पिशवी आली. मामींनी नव्या भाताचे पोहे पाठवले आहेत, नरकचतुर्दशीसाठी. सौभाग्यवतींनी ते निवडून ठेवले आणि मिक्सर माझ्यापुढे आणून ठेवला.